बालवाडी निवडताना पैसा आणि वेळ नेमका कुठे घालायचा

फेब्रुवारी-मार्च आला की आमच्या बालवाडीच्या दारात पालक यायला लागतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला, ताई लिहायला कधीपासून शिकवता? दुसरा प्रश्न इंग्लिशचा, तिसरा फीचा. मुलांशी कोण बोलणार, किती वेळ बोलणार, रडलं तर कोण उचलून घेणार हे फार कमी जण विचारतात. मी कराडजवळ १९ वर्षं ह्या वयाची मुलं सांभाळतेय आणि मला मनापासून वाटतं की ३ ते ६ ह्या तीन वर्षांत घातलेला पैसा आणि वेळ सगळ्यात जास्त कामी येतो, पण तो योग्य जागी घातला तरच. चुकीच्या जागी घातला तर फी पण जाते आणि ती तीन वर्षं पण जातात. म्हणून पालकांना जे तोंडी सांगते तेच इथे सविस्तर लिहितेय.

आधी हे समजून घ्या की इतक्या लहान वयाला एवढं महत्त्व का. अमेरिकेत मिशिगन राज्यात इप्सिलांटी नावाचं गाव आहे, तिथल्या पेरी शाळेत १९६२ ते १९६७ मध्ये एक प्रयोग झाला. गरीब घरातली १२३ कृष्णवर्णीय मुलं, वय तीन-चार वर्षं. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले, ५८ मुलांना चांगली बालवाडी मिळाली, ६५ मुलांना मिळाली नाही. बालवाडी म्हणजे काय तर रोज सकाळी अडीच तास, ताई नीट शिकलेल्या, मुलं स्वतः ठरवायची आज काय करायचं, करायची आणि मग काय केलं ते सांगायची. शिवाय आठवड्यातून एकदा ताई मुलाच्या घरी जाऊन दीड तास आई आणि मुलाबरोबर बसायची. नंतर ही मुलं चाळीस वर्षांची होईपर्यंत त्यांचा माग ठेवला. चाळिशीत वर्षाला २०,००० डॉलरच्या वर कमावणारे बालवाडीवाल्या गटात ६० टक्के होते, दुसऱ्या गटात ४०. पाच किंवा जास्त वेळा अटक झालेले बालवाडीवाल्या गटात ३६ टक्के, दुसऱ्यात ५५. अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले जेम्स हेकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या सगळ्याचा हिशोब मांडला तेव्हा घातलेल्या पैशावर वर्षाला ७ ते १० टक्के परतावा निघाला, आणि तो परतावा त्या मुलांना तर मिळालाच पण जास्त करून सगळ्या समाजाला मिळाला.

पण ह्यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग वेगळाच आहे. बालवाडीतल्या मुलांचा बुद्ध्यांक सुरुवातीला झटकन वाढला होता आणि नंतर काही वर्षांत तो फरक जवळजवळ पुसला गेला, म्हणजे तिसरी-चौथीत कोणी मोजलं असतं तर म्हणाले असते की बालवाडीचा पैसा वाया गेला. टिकलं ते वेगळंच होतं, काम हातात घेऊन पूर्ण करणं, इतरांशी जमवून घेणं, राग आवरणं, शाळा आवडणं. म्हणून सिनियर केजीच्या शेवटी मूल १ ते १०० म्हणतं का, स्पेलिंग किती येतात ह्यावर बालवाडी चांगली की वाईट हे ठरवू नका. ते पाठांतर पहिलीत सगळ्यांचंच होतं.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगते, नाहीतर हे आकडे दाखवून कोणीही तुम्हाला लाखभर फी भरायला लावेल. पेरी शाळेतली ती मुलं फार गरीब घरातली होती. ज्या घरात आजी गोष्टी सांगते, आई-बाबा मुलाशी बोलतात, पोटभर खायला आहे, तिथे बालवाडीमुळे एवढा मोठा फरक पडेलच असं नाही. म्हणून मध्यमवर्गीय पालकांनी कर्ज काढून महागडी नर्सरी करू नये. त्या पैशात बरंच काही चांगलं करता येतं.

बालवाडी बघायला जाताना

ऑफिसमध्ये बसून माहितीपत्रक घेऊन येऊ नका. सकाळी साडेदहाच्या सुमाराला, वर्ग चालू असताना जा आणि वीस मिनिटं वर्गात कोपऱ्यात बसू द्या असं सांगा. बसूच देत नसतील तर कारण विचारा, कारण पटलं नाही तर दुसरी बालवाडी बघा. बसलात की मोबाईल खिशात ठेवा आणि फक्त ताईंकडे बघा. ताई मुलांशी बोलताना खाली बसतात का, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर येतात का. वर्गात जास्त आवाज कुणाचा आहे, ताईंचा की मुलांचा. ताई कसले प्रश्न विचारतात, हा कुठला रंग, हे किती, असेच सगळे, की तुला काय वाटतं पाऊस कुठून येतो, मग पुढे काय झालं, असेही प्रश्न येतात. ह्या दुसऱ्या प्रश्नांना उत्तर द्यायला मुलाला विचार करावा लागतो, वाक्य जुळवावं लागतं, आणि भाषा तिथे वाढते. एखादं मूल रडत असेल तर तुमचं नशीबच समजा, कारण ताई त्याच्याशी कशा वागतात ते वीस मिनिटांत दुसऱ्या कशाहीपेक्षा जास्त सांगून जातं. गप्प बस नाहीतर मोठ्या सरांकडे देईन, असं ऐकू आलं तर उठून या.

मग भिंती बघा. सगळ्या भिंतींवर अगदी एकसारखी पन्नास फुलपाखरं लावलेली असतील तर ती ताईंनी कापलेली आहेत, मुलांनी फक्त चिकटवलीत. वेडीवाकडी, प्रत्येकाची वेगळी, मुलाला दिसतील अशा उंचीवर लावलेली चित्रं असतील तर तिथे मुलांच्या हाताला काम मिळतंय. खेळणी कपाटाच्या वरच्या खणात, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली असतील तर ती पालकांना दाखवायला आहेत. मुलाच्या हाताला येतील अशा खालच्या खणात, थोडी मळलेली, कोपरे झिजलेले ठोकळे असतील तर तिथे मुलं खेळतात. आणि संडास बघायला अजिबात लाजू नका, पाणी आहे का, मुलांच्या मापाचं आहे का, मुलाला न विचारता जाता येतं का.

मोजायच्या गोष्टी पण आहेत. केंद्र सरकारच्या २०१३ च्या बालशिक्षण धोरणात ३ ते ६ वयाच्या २० मुलांमागे एक मोठं माणूस हवं असं म्हटलंय, तीनच्या आतली मुलं असतील तर १० मुलांमागे एक. तीस मुलांसाठी खोली निदान ३५ चौरस मीटरची आणि बाहेर खेळायला निदान ३० चौरस मीटर जागा, दिवसाला तीन ते चार तास, आणि बोलण्याची भाषा मुलाची मातृभाषा. पावलांनी खोली मोजता येते, मी पालकांना खरंच मोजायला सांगते. चाळीस मुलं आणि एक ताई असेल तर ती ताई कितीही मायाळू असली तरी तिला प्रत्येकाशी नीट बोलणं शक्यच नाही, दिवसभर ती फक्त गप्प बसवत राहते, हे मी स्वतः अनुभवलंय.

फीचा पैसा कुठे जातो

हा हिशोब प्रत्येक पालकाने करावा. समजा वर्षाची फी ६०,००० आहे आणि वर्गात २५ मुलं आहेत, म्हणजे एका वर्गातून १५ लाख. आता ताईंना महिन्याला ८,००० मिळत असतील तर वर्षाचे झाले ९६,०००. उरलेले कुठे गेले? इमारत, एसी, बस, जाहिरात, गॅदरिंगचे कपडे. मी पूर्वी एका अशाच ठिकाणी काम केलंय, काचेची दारं होती, रिसेप्शनला मोठा फिशटँक होता आणि दर दोन-तीन महिन्यांनी एक ताई सोडून जायची. तीन वर्षांचं मूल एका माणसावर जीव लावतं, आणि तो जीव लागला की मगच तोंड उघडतं, हात चालवतं. वर्षात तीन ताई बदलल्या तर मुलाने तीन वेळा सगळं नव्याने सुरू करायचं. म्हणून सरळ विचारा, ह्या वर्गाच्या ताई इथे किती वर्षं आहेत? त्यांचं बालशिक्षणाचं ट्रेनिंग झालंय का? त्यांना पगार किती हे विचारायला संकोच वाटत असेल तर ताईंशी सहज गप्पा मारा, कळतं. साधी खोली, सतरंजी, पत्र्याचं शेड आणि आठ वर्षं टिकलेली ताई असेल तर डोळे झाकून तिथे घाला.

इंग्लिश मीडियमचं काय

हा वाद मोठा आहे आणि पहिलीनंतर काय करायचं ते तुम्ही ठरवा, पण ३ ते ६ ह्या वयाबद्दल माझं मत पक्कं आहे. माझ्या भाचीला साडेतीन वर्षांची असताना एका शाळेत घातलं होतं, तिथे बाथरूमला जायचं तर इंग्लिशमध्येच विचारायचं असा नियम होता. घरी दिवसभर चिवचिव करणारी पोर, तिला ते वाक्य वेळेवर आठवायचं नाही, रोज चड्डी ओली करून घरी यायची आणि हळूहळू वर्गात बोलायचीच बंद झाली. वहिनीला वाटायचं हिला शाळाच आवडत नाही. दिवाळीनंतर मराठी बालवाडीत घातली, पंधरा दिवसांत ताईंना घरातल्या सगळ्या भानगडी सांगायला लागली. मूल ज्या भाषेत विचार करतं त्याच भाषेत त्याची समज वाढते, इंग्लिश गाणी म्हणा, गोष्टी ऐकवा, कानावर पडू द्या, पण मुलाचं तोंड बंद करणारी भाषा ह्या वयात नको. घरी कोकणी, अहिराणी, वऱ्हाडी, हिंदी बोलत असाल तर ताई त्या बोलीला हसत नाहीत ना एवढं जरूर बघा.

लिहिण्याची घाई

मनगटात आठ छोटी हाडं असतात आणि तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाचा एक्स-रे काढला तर त्यातली साधारण निम्मीच दिसतात, बाकीची अजून मऊ कूर्चाच असतात. त्या हाताला चार रेघांत पानभर अ गिरवायला लावायचं म्हणजे त्याला लिहिणं नकोसंच करून टाकायचं. त्याऐवजी हात आणि बोटं तयार करा. कणीक मळू द्या, मटकी आणि हरभरे मिसळून वेगळे करायला द्या, मणी ओवू द्या, जुना पेपर फाडू द्या, शर्टाची बटणं स्वतः लावू द्या, ओल्या मातीत काडीने रेघोट्या मारू द्या. हे टाइमपास नाही, ही लिहिण्याचीच तयारी आहे. जी बालवाडी पहिल्याच वर्षी रोज होमवर्क देते तिथे माझा सल्ला नाहीच म्हणून सांगते. २०२० च्या नवीन शैक्षणिक धोरणात ३ ते ८ हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, म्हणजे बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी मिळून पाच वर्षं, आणि त्यात खेळातून शिकणं हाच मुख्य रस्ता सांगितलाय. घाई करायचं काही कारणच नाही. वयाची पण घाई नको, आपल्याकडे पहिलीला ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होणारी मुलं चालतात, पण डिसेंबरमध्ये जन्मलेलं मूल वर्गात सगळ्यात लहान पडतं, त्याला एक वर्ष थांबवलं तर काही बिघडत नाही.

घरातला अर्धा तास

हे सगळ्यात स्वस्त आहे आणि ह्यालाच सगळ्यात कमी वेळ दिला जातो. जमैकात किंग्स्टन शहरात १९८६-८७ साली कुपोषणामुळे वाढ खुंटलेली १२९ बाळं घेतली होती, ९ ते २४ महिन्यांची. त्यातल्या काही घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जायची, सोबत घरच्याच वस्तूंची बनवलेली खेळणी, आणि आईला दाखवायची बाळाशी कसं खेळायचं, कसं बोलायचं, कौतुक कसं करायचं. दोन वर्षं हे चाललं, बस. वीस वर्षांनी बघितलं तर ती मुलं तशाच दुसऱ्या मुलांपेक्षा सरासरी २५ टक्के जास्त कमवत होती. ह्यात इमारत नव्हती, टॅब नव्हता, आई होती आणि आईला शिकवणारी एक बाई होती.

म्हणून रोज अर्धा तास मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून मुलासोबत बसा. बाबांनी पण, फक्त आईनेच नाही. एकच गोष्टीचं पुस्तक मूल दहा वेळा वाचायला लावतं, कंटाळू नका, अकराव्यांदा ते तुम्हाला वाचून दाखवायला लागतं. वाचताना मध्येच थांबा आणि आता काय होईल विचारा, मुलाने काहीतरी उत्तर दिलं की त्यालाच पुढचा प्रश्न जोडा. जिना चढताना पायऱ्या मोजा, बाजारात वांगी मोठी-लहान लावायला द्या, पोळ्या लाटताना एक छोटं लाटणं त्याच्या हातात द्या. पुस्तकांना पैसे नसतील तर स्टोरीवीव्हर ह्या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत, नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं अजून परवडतात. स्क्रीनबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाच्या वर नको, कमी असेल तर अजून चांगलं, आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप हवी. रात्री अकरापर्यंत जागणारं मूल सकाळी वर्गात नुसतं बसून राहतं, ते मला रोज दिसतं.

अंगणवाडीला नाक मुरडू नका

अंगणवाडी हा शब्दच मुळात आपल्या इथला आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक १९४५ ला पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या, बालवाडी काढली, पण वारल्यांच्या पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, कारण ती धाकटी भावंडं सांभाळत होती, गुरं राखत होती. मग ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ म्हणाल्या, मुलं येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेऊ. पुढे कोसबादच्या टेकडीवर हे काम वाढलं, शिकवायला बिया, पानं, शंख-शिंपले, जे आजूबाजूला मिळेल ते. महागडं साहित्य लागतच नाही हे त्यांनी तेव्हाच करून दाखवलं. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्राची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली.

आज तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर बहुतेक अंगणवाडी असेल. फुकट आहे, ३ ते ६ च्या मुलांना रोज ठरावीक कॅलरी आणि प्रोटीनचा आहार मिळायला हवा असा नियम आहे, वजन-उंची मोजतात, लसीकरणाची आठवण करतात. सगळ्या अंगणवाड्या चांगल्या आहेत असं मी म्हणणार नाही, पण वर सांगितलेली वीस मिनिटांची परीक्षा तिथेही घ्या, आणि सेविका चांगली असेल तर खुशाल घाला. सेविकांवर सर्व्हे, रजिस्टर, मोबाईलवरची माहिती असलं इतकं काम असतं की शिकवायला वेळ उरत नाही, ही त्यांची खरी अडचण आहे. तिथे पालकांनी आठवड्यातून एक सकाळ गोष्ट सांगायला जायचं ठरवलं तर फार फरक पडतो, आमच्या गावात तीन आज्या जातात.

आणि गावात राहत असाल तर अजून एक करा. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ग्रामसभेला जा आणि तो पैसा ह्या वर्षी कशावर गेला ते विचारा. अंगणवाडीला खेळणी, पुस्तकं, पाण्याची टाकी, संडासाची दुरुस्ती ह्यासाठी लेखी मागणी द्या, चार-पाच आयांनी मिळून दिली तर जास्त चांगलं. पेरीतली मुलं बघा ना, सगळ्यात जास्त फायदा गरीब घरातल्या मुलाला होतो. तुमचं मूल खाजगी बालवाडीत जात असेल आणि घरी काम करायला येणाऱ्या मावशींची नात अंगणवाडीत, तर तिच्या अंगणवाडीसाठी बोलणं पण तुमचंच काम आहे असं मला वाटतं.

जूनमधला पहिला आठवडा

ॲडमिशन झाली म्हणजे झालं असं समजू नका, पहिला आठवडा फार नाजूक असतो. ऑफिसमधून तीन-चार दिवस अर्धी रजा काढा. मे महिन्यातच एक-दोनदा त्या रस्त्याने चालत जा, बालवाडी दाखवा, ताईंची ओळख करून द्या. पहिल्या दिवशी तासभरच ठेवा, दुसऱ्या दिवशी थोडं वाढवा. मुलाचं लक्ष नसताना गुपचूप पळून जाऊ नका, त्याला वाटतं आई कधीही गायब होते, मग ते दुसऱ्या दिवशी पदर सोडतच नाही. सांगून जा, खाऊ खाऊन झाला की मी येते, आणि खाऊ झाल्यावर खरंच दारात उभ्या राहा. घरचं एखादं ओळखीचं फडकं किंवा बाहुली सोबत द्या, ताई नको म्हणाल्या तर निदान पहिला आठवडा चालू द्या म्हणून विनंती करा. घरी आल्यावर आज काय शिकलास विचारू नका, कोणाशेजारी बसलास, कोण रडलं, काय खेळलात ते विचारा. आणि डबा घेताना दुकानातच मुलाच्या हातात देऊन बघा, त्याला स्वतःला उघडता आणि लावता येतो का, झाकण घट्ट असेल तर दुसरा घ्या.